रात्रभर भिजवलेला बोल्ट

पहिल्या संध्याकाळी मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. जिप्सीची मागची दोन्ही चाकं काढून गाडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. गोणपाट अंथरून ते पाठीवर सरकत खाली गेले आणि बॅटरीच्या उजेडात बराच वेळ नुसते बघत राहिले. मग हात बाहेर काढून तारेचा ब्रश मागितला. घासायला लागले तशी तांबूस पापुद्र्यांची साल त्यांच्या छातीवर पडू लागली. कमानपाट्याच्या पुढच्या डोळ्यातून जाणारा बोल्ट, त्याचा नट आणि मधलं वायसर हे तीन वेगळे जिन्नस आहेत, हे दहा मिनिटं घासल्यावर दिसलं. तोवर तो गंजाचा एकच गोळा होता.

पोऱ्याने तेलाची पिचकारी दिली. पूर्वी रॉकेल मिळायचं तेव्हा रॉकेल वापरत. आता डिझेल, नाहीतर दुकानातला स्प्रेचा डबा. नटाच्या दोन्ही बाजूंनी तेल सोडून मिस्त्रींनी हातोडीने त्यावर टकटक केलं, अगदी दार वाजवावं इतक्या बेताने. पुन्हा तेल. पुन्हा टकटक. मग बाहेर येऊन हात पुसले.

"आज भिजू द्या जी," ते म्हणाले. "आत्ताच पाना लावला तं बोल्टचं डोकं गोल होऊन जाईन. मंग त्याले पकडाले काहीच राहात नाही."

हे गॅरेज चंद्रपुरात मूल रस्त्याला, बंगाली कॅम्पच्या पुढं. टिनाची शेड, समोर चिखल, चिखलात विटा टाकून केलेली वाट. सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता आणि शेडमध्ये, शेडबाहेर, रस्त्याच्या कडेला मिळून पाच जिप्सी उभ्या होत्या. त्यातली एक आमची, २००३ सालची, एमएच-३४. खड्ड्यातून गेली की मागून 'कट्' असा आवाज यायचा. ब्रेक दाबला की शेपूट डावीकडे ओढायची. गाडीखाली वाकून बघितलं तर डाव्या बाजूचा दुसरा पाटा मधोमध चिरलेला, बुशचं रबर बाहेर आलेलं आणि शॅकलच्या पट्ट्या गंजून बिस्किटासारख्या भुसभुशीत झालेल्या. पाटे, बुश, शॅकल, यू बोल्ट सगळं बदलायचं ठरलं. सामान दोन दिवसांत आलं. जुनं काढायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि हा लेख त्या वेळाबद्दल आहे.

जिप्सी इथं इतक्या का, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. ही गाडी मारुतीने १९८५ च्या अखेरीस आणली. आधी ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ पासून १३०० चं. २०१९ पर्यंत ती सामान्य ग्राहकाला मिळत होती. तेहेतीस-चौतीस वर्षांत इंजिन बदललं, कार्बोरेटर गेला, पण खालचा सांगाडा बदलला नाही: चारही चाकांवर कमानपाटे, पुढं-मागं अखंड अ‍ॅक्सल. शहरात चालवणाऱ्यांची हाडं या पाट्यांनी खिळखिळी केली. जंगलात मात्र तेच पाटे कामाचे, कारण ते तुटले तरी गाडी एकदम बसत नाही. एक पाटा गेला तर उरलेले भार घेतात. ताडोबाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला आणि पर्यटन वाढत गेलं तशी मोहर्ली, कोलारा, आगरझरी, देवाडा, जुनोना या गावांतल्या कितीतरी घरांत उघडी जिप्सी हे उत्पन्नाचं साधन झालं. शेत दीड-दोन एकर, आणि दारात गाडी.

आता ही गाडी नवी मिळत नाही. जी आहे तीच टिकवायची.

दरवर्षी १ जुलैला ताडोबाचा गाभा पर्यटनासाठी बंद होतो, तो १ ऑक्टोबरला उघडतो. बफरच्या फेऱ्या सुरू असतात, पण बऱ्याच गाड्या या तीन महिन्यांत दारात उभ्या राहतात. चालकाला वाटतं, गाडीला विश्रांती मिळाली. प्रत्यक्षात तिचं सगळ्यात जास्त नुकसान याच तीन महिन्यांत होतं. चालती गाडी स्वतःला वाळवते: सायलेन्सरची ऊब असते, वारा लागतो, पाटे एकमेकांवर घासून गंजाचा पापुद्रा झडतो, बोल्ट थोडा का होईना हलत राहतो. उभी गाडी ओली राहते. जूनमध्ये यू बोल्टच्या पट्टीवर बसलेला चिखल सप्टेंबरपर्यंत तिथंच असतो, आणि तो आतून कधीच वाळत नाही.

मी मिस्त्रींना विचारलं, समुद्र तर इथून शेकडो कोस दूर, मग इतका गंज कसा? गंज म्हटलं की आपल्याला रत्नागिरी, मालवण आठवतं. त्यांनी उत्तर देण्याऐवजी चेसिसच्या आतल्या पन्हळीत बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. काळसर, ओलसर लेप. कोळशाची भुकटी, राख आणि माती. हा जिल्हा कोळशाच्या खाणींचा आहे; २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र शहराला लागून आहे; घुग्गुस, आवारपूर, गडचांदूरकडं सिमेंटचे कारखाने आहेत. ही बारीक धूळ खोबणीत बसते आणि पावसाळ्यात स्पंजासारखी ओल धरून ठेवते. मिठाची गरजच पडत नाही. मिशिगन किंवा ओंटारिओमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांना विचारा, तिथं हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि दहा वर्षांत गाडीचं पोट कुजतं. आपल्याकडं ते काम चिखल आणि धूळ सावकाश करतात. गाड्या मात्र आपण वीस-पंचवीस वर्षं वापरतो, त्यामुळे शेवटी हिशेब तिथंच येतो.

बोल्ट जाम का होतो, याचं कारण गंजाच्या आकारमानात आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. उघड्या पत्र्यावर तो फुगून गळून पडतो. नटाच्या आट्यांमध्ये फुगायला जागाच नसते, म्हणून तो दोन्हीकडच्या आट्यांना आतून दाबतो. माणसाच्या हाताने आवळलेल्या नटापेक्षा गंजाने आवळलेला नट कितीतरी घट्ट असतो. त्यात पाना घालून जोर लावला तर दोनच गोष्टी होतात: डोकं गोल होतं, किंवा बोल्ट मधून तुटतो.

लोखंडाचा मूळ ओढा खनिजाकडेच असतो, हे या भागात डोळ्यांनी दिसतं. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या टेकड्या हेमेटाइटच्या आहेत, म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचं संयुग. गंज त्याच कुळातला. त्यात पाणी जास्त, एवढाच फरक. जमशेदजी टाटांनी १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल वाचला तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्याच लोखंडावरचा होता. लोहाऱ्याचं खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा घेऊन इथं पोलाद करता येईल का, असा त्यांचा विचार होता. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही आणि पुढं कारखाना साकचीला गेला. आज सुरजागडचं खनिज ट्रकांतून बाहेर पडतं तेव्हा रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर जी लाल भुकटी बसते, ती आणि मिस्त्रींच्या छातीवर पडलेली साल मी हातावर शेजारी शेजारी घेऊन बघितली. रंगात फार फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेल, पुन्हा टकटक. दुपारी पहिल्यांदा पाना लागला, तोही नट सोडवायला नव्हे. मिस्त्रींनी नट आधी घट्ट करायच्या दिशेने अगदी किंचित ओढला. आतला गंज एकदा मोडला पाहिजे, कुठल्या बाजूला मोडतो याला महत्त्व नाही. बारीक 'चर्र' आवाज आला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी मान हलवली, पाना उलटा फिरवला, पाव आटा सोडला, पुन्हा आवळला, तेल सोडलं. पाव आटा पुढं, थोडा मागं. उजव्या बाजूच्या शॅकलचे दोन्ही नट असे संध्याकाळपर्यंत निघाले. त्यातला एक शेवटच्या तीन आट्यांवर पुन्हा अडला, कारण बाहेर राहिलेल्या आट्यांवर गंज जास्त असतो. तिथं पोऱ्याने पान्याला पाइप लावायला घेतला. मिस्त्रींनी तो काढून बाजूला ठेवला.

"जोर कोनाले नाही? मले आहे, तुले आहे. नटाले जोर समजत नाही. त्याले वेळ समजते."

डाव्या बाजूचा मोठा नट तेलाने मानला नाही. तिथं गॅस काढावा लागला. गॅस म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण याच गाडीच्या उजव्या बाजूला चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात घाईघाईने गॅसने बोल्ट कापला होता. ज्योत चेसिसच्या हँगरला लागली, कड वितळली, भोक लंबगोल झालं. तेव्हापासून त्या बाजूला बोल्ट नीट बसलाच नाही. एका बोल्टची घाई हँगरला भोवली.

या मिस्त्रींनी गॅस लावण्याआधी अर्धा तास नुसती तयारी केली. पेट्रोलची टाकी उतरवली. ब्रेकचा पाइप सोडवून ओल्या फडक्यात गुंडाळला. पाट्यावर ओलं गोणपाट टाकलं. पाट्याचं पोलाद मुळात विशिष्ट तापमानाला पाणी देऊन लवचिक केलेलं असतं. ते लाल झालं की त्याचा गुण जातो आणि तो पाटा पुढं कधीतरी भर रस्त्यात तुटतो. म्हणून जो पाटा पुन्हा वापरायचा आहे त्याला ज्योत दाखवायची नसते, आणि फेकून द्यायच्या पाट्यावरही ही सवय मोडायची नाही असा त्यांचा नेम. मग फक्त नट तापवला, बोल्ट शक्यतो थंड ठेवून. नट गाभुळलेल्या चिंचेच्या रंगावरून लाल झाला तशी ज्योत बाजूला गेली.

यातलं गणित अगदी छोटं आहे. नटाचं भोक बारा मिलिमीटरचं धरलं आणि नट बोल्टपेक्षा चारशे अंशांनी जास्त तापला, तर ते भोक जेमतेम ०.०६ मिलिमीटरने मोठं होतं. माणसाच्या केसाइतकी फट. बोल्टलाही ऊब लागतेच, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. तेवढ्या फटीत गंजाची पकड मोडते, आणि तेवढ्याच वेळात पाना फिरला पाहिजे, कारण बोल्ट तापला की फट बुजते. मिस्त्रींनी गोटी पाना बसवला, एक श्वास घेतला आणि ओढला. नट फिरला. आसपासच्या दोन गाड्यांचे चालक बघत उभे होते, त्यातल्या एकाने "निघाला!" म्हणून मोठ्याने सांगितलं.

नट निघाला, बोल्ट नाही. बुशच्या आत पोलादी नळी असते. बोल्ट त्या नळीतून जातो. वीस वर्षांत बोल्ट आणि नळी एकजीव झाले होते. पान्याने फिरवलं की बोल्ट, नळी, फाटलेलं रबर सगळं मिळून फिरायचं, आणि घणाने ठोकलं की रबर तो मार पिऊन टाकायचं. इथं मिस्त्रींनी एकदाच ठरवलं आणि मागं बघितलं नाही: हॅक्सॉची पाती. हँगरची भिंत आणि पाट्याचा डोळा यांच्यामध्ये तीन-चार मिलिमीटरची फट असते. त्या फटीत पाती घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट हातानेच कापला. ग्राइंडर होतं, पण त्याची चकती त्या फटीत हँगरला लागल्यावाचून राहिली नसती. एका बाजूला पन्नास मिनिटं लागली. तीन पात्या तुटल्या. दुसरी बाजू तिसऱ्या दिवशी सकाळी. पाटा खाली पडला तेव्हा हँगरवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

चांगला मिस्त्री कोण, हे मी आता यावरून ठरवतो. काय काढलं ते कोणीही दाखवतं. जे तिथंच राहायचं होतं, त्याला धक्का लागला का, हे बघायचं.

नवं बसवणं हे त्यामानाने सरळ. तरी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, कारण त्या बऱ्याच ठिकाणी चुकतात. यू बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. ते आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. आणि बुशचे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. नुसते हाताने लावायचे, चाकं चढवायची, गाडी जमिनीवर उतरवायची, चार माणसं मागं बसवून हलवायची, आणि मग खाली जाऊन आवळायचे. लोंबकळत्या पाट्यावर आवळलं तर गाडी उतरताच रबराला पीळ पडतो आणि वर्षभरात ते फाटतं. मिस्त्रींनी प्रत्येक बोल्टला, नळीच्या आतून आणि आट्यांवर, ग्रीसचा पातळ थर दिला. "पुढच्या वेळी जो कोनी खोलन, त्याले त्रास नाही झाला पाहिजे," ते म्हणाले. ती पुढची वेळ दहा वर्षांनी येईल. तेव्हा तिथं ते असतील की नाही, याचा त्या ग्रीसशी काही संबंध नव्हता.

गाडी मिळाल्यावर मी ती आधी गडचिरोलीकडं काढली. बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टीवरून आलापल्ली. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. तिथं पाट्यांचा प्रश्न पर्यटनाचा नाही. आलापल्लीहून भामरागडकडं जी प्रवासी वाहनं चालतात, ती कधी दवाखान्याची गाडी होतात, कधी बाजाराची, कधी वरातीची. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात येतं. पाणी ओसरल्यावर त्या गाळातून पहिली जाणारी गाडी कुठली असते आणि तिच्या यू बोल्टवर काय परिणाम होतो, हे येत नाही.

आलापल्लीत एका जुन्या जीपचा चालक भेटला. त्याने सीटखालची पत्र्याची पेटी उघडून दाखवली: चार यू बोल्ट, दोन सेंटर बोल्ट, बुशची एक जोडी, हॅक्सॉ, नायलॉनची दोरी आणि सागाच्या दोन पाचरी. सेंटर बोल्ट तुटला की पाट्यावरून अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. त्यावर त्याचा उपाय: पाचर ठोकून दोरीने आवळायचं आणि माणूस चालेल त्या वेगाने आलापल्ली गाठायची. एकदा हेमलकशाच्या लोकबिरादरीच्या दवाखान्यात बाळंतपणाची बाई पोचवायला जाताना असं झालं, त्याने पाचरीवर गाडी नेली. बाई सुखरूप होती. "थांबलो असतो तं काय झालं असतं, थे सोचतच नाही जी," तो म्हणाला. मी पेटीकडं पुन्हा बघितलं. यू बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले होते.

जुन्या गाड्या मोडीत काढा, असं म्हणणं सोपं आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५००० रुपये झाली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते. धुराच्या दृष्टीने त्याला कारण आहे, आणि गंजलेल्या हँगरवर माणसं वाहणारी गाडी रस्त्यावर नसावी हेही खरं. पण ज्या गावात दुसरी गाडीच येत नाही, तिथं आहे ती सुरक्षित ठेवणं हाच आजचा उपाय आहे. त्यासाठी जाम बोल्ट नीट काढता येणारी माणसं लागतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो चांगला आहे. तिथल्या मुलांना पावसाळ्यानंतरच्या चार कुजलेल्या गाड्या खोलायला दिल्या पाहिजेत, आणि शिकवायला असा एखादा मिस्त्री बोलावला पाहिजे. हे मी मनापासून लिहितोय. मूल रस्त्यावरच्या त्या पोऱ्याला तीन दिवसांत पाइप खाली ठेवायला शिकताना मी पाहिलं आहे.

ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांना एवढंच सांगायचंय: पावसाळा संपला की पाण्याचा जोराचा फवारा मारून गाडी खालून धुऊन घ्या, यू बोल्टच्या पट्टीवरचा चिखल हाताने काढा, उन्हात उभी करा, आट्यांना ग्रीस लावा. उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा. आणि मिस्त्री "आज भिजू द्या" म्हणाला तर दुसऱ्या गॅरेजात जाऊ नका.

आमच्या बिलावर सामानाची किंमत होती आणि मजुरीपुढं फक्त 'पाटे बदली' लिहिलं होतं. पाटे बदलायला अर्धा दिवस लागतो, त्याचेच पैसे लावले होते. बोल्ट काढण्याचे अडीच दिवस कुठंच नव्हते. विचारलं तर "त्याचे काय पैसे घ्याचे" म्हणाले. मी त्यांना त्याखाली आणखी एक ओळ लिहायला लावली, 'जाम बोल्ट काढणे, अडीच दिवस', आणि तिचे पैसे वेगळे दिले. तुमच्या गाडीच्या बिलावर ही ओळ नसेल, तर ती मागून लिहून घ्या.